'रन'चे ६४५ अर्थ आणि मराठीचे राहून गेलेले काम

इंग्रजी मोठी की मराठी, या वादात हल्ली एक आकडा हमखास पुढे केला जातो. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशात 'रन' या एकाच क्रियापदाचे ६४५ अर्थ दिले आहेत. आकडा खरा आहे. २०११ साली ही नोंद नव्याने सिद्ध झाली आणि पीटर गिलिव्हर या संपादकाचे त्यापायी नऊ महिने गेले. त्यावरून एक पक्ष म्हणतो, ज्या भाषेतले एवढेसे क्रियापद एवढा भार पेलते तीच जगाचा कारभार करणार. मराठीने तिच्याशी बरोबरी सांगू नये. दुसरा पक्ष बाह्या सरसावून उत्तर देतो की हे तर इंग्रजीचे दारिद्र्य. घोडा धावला तरी रन, नाक वाहिले तरी रन, अंगात ताप असला तरी रन, कपड्याचा रंग उतरला तरी रन, दुकान चालवले तरी रन. आमच्याकडे बघा, प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून या दुसऱ्या पक्षाचा आवाज आणखी चढला आहे.

मला हे दोन्ही युक्तिवाद सारखेच कच्चे वाटतात, कारण दोघांनीही तो आकडा भाषेचे माप म्हणून स्वीकारला आहे. ६४५ या संख्येतून इंग्रजीची श्रीमंतीही कळत नाही आणि गरिबीही कळत नाही. कळते ते एवढेच की इंग्रजी बोलणाऱ्यांनी आपल्या एका साध्या शब्दामागे किती माणसे, किती वर्षे आणि किती पैसा लावला. मराठीत तेवढे काम कोणी केलेले नाही. लाज वाटायचीच असेल तर ती या गोष्टीची वाटावी, आणि अभिमानाची भाषणे करणाऱ्यांना ती आधी वाटावी.

आकड्याचा इतिहासच पाहा. याच कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली, तेव्हा सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती आणि तिच्यात ४३० अर्थ होते. मग तिसऱ्या आवृत्तीसाठी फेरतपासणी सुरू झाली. ती 'ए'पासून न करता 'एम' या अक्षरापासून करायची ठरली. २००० साली 'मेक'ने 'सेट'ला मागे टाकले. २००७ साली 'पुट'ने 'मेक'ला मागे टाकले. २०११ साली 'रन' पहिला आला. एम, पी, आर: पहिला नंबर वर्णमालेच्या क्रमाने सरकत गेला. या अकरा वर्षांत इंग्रजी माणूस आधी करत होता, मग ठेवू लागला आणि शेवटी धावू लागला, असे कोणी म्हणेल काय? संपादक ज्या अक्षरापाशी पोचले, त्या अक्षराचे क्रियापद मोठे झाले. एवढे लक्षात घेतले की 'रन हा इंग्रजीतला सर्वांत समर्थ शब्द' या विधानात फारसे काही उरत नाही.

शिवाय त्या ६४५ मध्ये काय काय येते? ऑक्सफर्डचा हा कोश ऐतिहासिक तत्त्वावर रचलेला आहे. एकदा नोंदलेला अर्थ त्यातून काढत नाहीत. तीनशे-चारशे वर्षांत कोणी वापरला नसला तरी 'लुप्त' असा शिक्का मारून तो जागेवर ठेवतात. 'रन आउट', 'रन इनटू', 'रन डाउन' या जोड्याही 'रन'च्याच पोटात घेतात. आणि माणूस पळतो तो एक अर्थ, घोडा पळतो तो दुसरा की तोच, हे ठरवणारा शेवटी संपादकच असतो. एकाच भाषेचे दोन जाणकार कोशकार बसवले तर ते एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ मोजतील, आणि दोघेही बरोबर असतील. अर्थांना नाण्यांसारख्या कडा नसतात. ते एकमेकांत उतरत जातात.

आता 'आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द आहे' या दाव्याकडे येऊ. त्यासाठी मी एकच मराठी क्रियापद घेतो: लागणे. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, आग लागते. वेळ लागतो आणि पैसेही लागतात. नोकरी लागते, निकाल लागतो, सिनेमा लागतो, रांग लागते. विहिरीला पाणी लागते, झाडाला फळ लागते, फळाला कीड लागते. सूर्याला ग्रहण लागते आणि घराला सुतक. कुणाला नाद लागतो, कुणाची वाट लागते, कुणाची समितीवर वर्णी लागते. बोलणे मनाला लागते. कारले कडू लागते. तो माझा मामा लागतो. पोरगे चालू लागते, आणि मोठे झाले की त्याला शाळेत जावे लागते. या शेवटच्या दोन वाक्यांत तर हे क्रियापद व्याकरणाचे काम करते आहे. एकात आरंभ, दुसऱ्यात सक्ती. 'लागणे'ला हात न लावता दिवसभर मराठी बोलून दाखवा, दुपारपर्यंतही निभणार नाही.

यात गोंधळ होतो का? कोणत्याही एसटी स्थानकात दहा मिनिटे उभे राहिले तर उत्तर मिळते. एक बाई विचारते, "पंढरपूरची गाडी लागली का?" कंडक्टर म्हणतो, "सात नंबरला लागलीय. पण मावशी, तुम्हाला गाडी लागत असंल तर पुढं बसा." पहिली गाडी फलाटाला लागली, दुसरी पोटाला. शब्द तेच, रचना जवळपास तीच, आणि फलाटावरच्या एकाही माणसाला क्षणभरसुद्धा अडखळायला होत नाही. इंग्रजीतल्या 'रन'बद्दल जे दारिद्र्य म्हणून सांगितले जाते तेच आपण दिवसभर विनासायास करतो. ज्या क्रियापदाचा रोज वापर होतो त्याला अर्थ फुटत जातात. हे जगातल्या कुठल्याही बोलत्या भाषेत होते.

आणि मराठीत जे होते ते मोजायला तर इंग्रजीचा साचा पुरतच नाही. 'बोलणे' घ्या. तो बोलून गेला, म्हणजे नकळत तोंडातून निघाले. बोलून बसला, म्हणजे आता निस्तरणे आले. बोलून टाकले, म्हणजे मोकळा झाला. बोलून घेतले, म्हणजे संधी साधून मनातले काढले, किंवा दुसऱ्याशी आधीच ठरवून ठेवले. बोलून दाखवले, म्हणजे समोरच्याला ऐकवले. 'बोलणे' सगळीकडे तेच आहे. फरक पाडतात ती जाणे, बसणे, टाकणे, घेणे आणि दाखवणे. मग 'बोलून बसला'मधला पस्तावा कुणाच्या खात्यावर मांडायचा, 'बोलणे'च्या की 'बसणे'च्या? 'रन आउट' जर 'रन'च्या खात्यावर जाते, तर 'करून बसला', 'देऊन बसला', 'ऐकून बसला' हे सगळे 'बसणे'च्या खात्यावर गेले पाहिजेत. तसे केले तर 'बसणे'चा आकडा कुठे जाईल, हे आज कोणी सांगू शकत नाही, कारण ते मोजायला कोणी बसलेलेच नाही.

पहिल्या पक्षाचा एक मुद्दा मात्र भक्कम आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, 'रन'चे अर्थ आपोआप वाढले नाहीत. इंग्रज माणसाने आगगाडी चालवली, गिरणी चालवली, वर्तमानपत्र काढले, प्रयोगशाळा थाटली, आणि हे सगळे स्वतःच्या भाषेत बोलत केले. म्हणून यंत्र 'रन' होऊ लागले, बातमी 'रन' होऊ लागली, संगणकावरचा प्रोग्रॅमही 'रन' होऊ लागला. कामाबरोबर अर्थ येतात. मराठीत ते काम झाले नाही, मग मराठी क्रियापदांना ते अर्थ येतील कुठून? यातले पहिले वाक्य मला पूर्ण मान्य आहे. विद्यापीठात आणि मोठ्या उद्योगात आपण मराठी वापरली नाही, आणि तिथले अर्थ मराठीला आले नाहीत, हेही खरे.

पण 'मराठीत काम झाले नाही' हे विधान करणारा माणूस बहुधा गॅरेजमध्ये उभा राहून ऐकत नाही. तिथे गिअर पडत नाही, ब्रेक लागत नाही, क्लच घसरतो, स्टार्टर उचलत नाही, गाडी पिकअप घेत नाही, स्टिअरिंग एका बाजूला ओढते. मिस्त्री पोराला सांगतो, "किक मार, सेल मारू नको," आणि मग ग्रीस मारतो, वेल्डिंग मारतो, रंगाचा एक हात मारतो. शेतावर मोटर पाणी ओढत नाही, बोअरला पाणी लागते, फ्यूज उडतो, फेज जातो. घरात फोन लागतो, रेंज जाते, रिचार्ज मारला जातो. गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रात जे जे यंत्र आले ते मराठी क्रियापदांनी बिनबोभाट आपलेसे केले. यंत्राचे नाव इंग्रजी राहिले, पण ते यंत्र काय करते, कुठे अडते, कसे बिघडते हे सांगणारे क्रियापद मराठी आहे. आणि वाक्याचा जीव क्रियापदात असतो. हे अर्थ जन्माला आले आहेत, वापरात रुळले आहेत. त्यांची नोंद झालेली नाही, एवढेच.

दुसऱ्या पक्षाकडेही एक वजनदार साक्षीदार आहे, तो खुद्द इंग्रजांचा. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत तो गेट, गिव्ह, डू, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक या आणि अशा क्रियापदांबद्दल चक्क तक्रार करतो. इंग्रजीत ही फार झाली आहेत, यांचा अर्थ सैल, वापर मोघम, आणि मूळ अर्थापासून ती इतकी भरकटली आहेत की माग काढता काढता कोशकार थकतो, असा त्याचा सूर आहे. म्हणजे आज ज्याचा गौरव होतो ते इंग्रजीच्या या कोशकाराला डोकेदुखी वाटत होते. पण पुढे त्याने काय केले, हे आमचे अभिमानी मित्र सांगत नाहीत. तक्रार करून तो कामाला लागला. 'टेक' या एका क्रियापदाचे त्याने १३४ अर्थ उलगडून लिहिले. भाषा जिवंत आहे तोवर हे शब्द घडीघडीला जागा बदलणार, हेही त्याने त्याच प्रस्तावनेत मान्य केले आहे.

आपल्याकडे 'प्रत्येकाला वेगळा शब्द' या हट्टाने उलटेच घडले. सरकारी मराठी उघडून पाहा. तिथे कोणी रस्ता खणत नाही, 'खोदकाम करण्यात येते'. कोणी तपासत नाही, 'तपासणी करण्यात येते'. कोणी कळवत नाही, 'सूचित करण्यात येते'. नामे अगदी नेमकी, संस्कृतात घडवलेली. आणि क्रियापद एकच, करणे. तरुणांचे बोलणेही त्याच वाटेने चालले आहे: अप्लाय करणे, अ‍ॅडजस्ट करणे, मॅनेज करणे. शुद्धतेचा आग्रह धरणारे या दुसऱ्या यादीवर तुटून पडतात आणि पहिलीकडे पाहतसुद्धा नाहीत. माझ्या मते मराठीचे नुकसान दोन्हीकडून सारखेच होते आहे. इंग्रजी नाम आल्याने भाषा तितकी दुबळी होत नाही, जितकी ती काढणे, घालणे, लावणे, सोडणे, धरणे, पाडणे ही कामाची क्रियापदे हातातून सुटल्याने होते. कर्ज 'काढणे', फोटो 'काढणे', समजूत 'काढणे', दिवस 'काढणे' आणि दुकान 'काढणे' हे एकाच क्रियापदाने ज्याला सहज बोलता येते, त्याची भाषा मोघम म्हणायची की लवचीक?

इथे एक तुलना मला नेहमी अस्वस्थ करते. १८५७ सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच यांनी इंग्रजी कोशांच्या उणिवांवर व्याख्याने दिली. त्यातूनच पुढे ऑक्सफर्डचा कोश उभा राहिला. त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, सुमारे साठ हजार शब्दांची. म्हणजे ज्या वर्षी इंग्रज स्वतःच्या कोशांत काय कमी आहे याची यादी करत होते, त्या वर्षी मराठीकडे एक उत्तम, जाडजूड, बोलीतले शब्दही टिपणारा कोश तयार होता. तो एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावर असला तरी त्यामागे मराठी पंडितांचे कष्ट होते. सुरुवातीला आपण मागे नव्हतो. पुढे काय झाले?

तिकडे ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांना आवाहन केले: पुस्तके वाचा, शब्दाचा वापर दिसला की उतारा चिठ्ठीवर लिहा आणि आम्हाला पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. दहा वर्षांत कोश पुरा होईल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग निघाला तो 'अँट' या शब्दापर्यंतच. मरे १९१५ साली वारले, कोश १९२८ साली पुरा झाला. पण काम तिथे थांबले नाही. पुरवण्या निघाल्या, दुसरी आवृत्ती निघाली, आज तिसरी चालू आहे. इकडे यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले, १९५० साली पुरवणी जोडली, त्यात वऱ्हाडी, नागपुरी, राजापुरी असे शिक्के मारून गावोगावचे शब्द टिपले. सरकारी पाठबळाची वाट न पाहता झालेले ते काम पाहिले की आजही थक्क व्हायला होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तर मराठी धातूंचा, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांचा, कोश जवळजवळ एकहाती रचला. तो छापलेला पाहायला ते हयात नव्हते. माणसे होती, त्यांनी आयुष्ये घातली. त्यांच्या मागे कायम चालणारे कार्यालय मात्र कोणी उभे केले नाही. पुढेही कोश होत राहिले, पण प्रत्येक वेळी नव्याने जमवाजमव आणि प्रत्येक वेळी काम संपले की पांगापांग.

ही पद्धत आपल्याला ठाऊक नाही, असेही नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाला हात घातला. ऑक्सफर्डसारख्याच चिठ्ठ्या, जवळपास एक कोटी, आजही तिथे कपाटांत आहेत. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि इतक्या दशकांनंतर काम अजून 'अ' अक्षरातच चालले आहे. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. असेच धीराने ते व्हायला हवे. पण ज्या शहरात संस्कृतच्या प्रत्येक शब्दाची जन्मकुंडली मांडली जाते, त्याच शहरात रस्त्यावर बोलल्या जाणाऱ्या 'लागणे'ची कुंडली मांडायला जागा असू नये, हे खटकते. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश आज संगणकावर शोधायचे तर आपण शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जातो. शिकागोचे आभार मानावेत तेवढे थोडे, पण हा मान आपण त्यांना का दिला?

यावर व्यवहारी माणूस विचारतो की, कोश उघडतो कोण? पोरांना नोकरी इंग्रजीने मिळते, 'लागणे'चे अर्थ मोजून नाही. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर त्याच इंग्रजीच्या वर्गात शोधू. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. मुले 'गेट म्हणजे मिळणे' असे पाठ करतात. मग पुस्तकात 'गेट अप' येते, तिथे काही मिळत नाही. 'गेट ऑफ' येते, तिथे उतरायचे असते. 'गेट वेट'मध्ये भिजायचे, 'गेट होम'मध्ये घरी पोचायचे, 'आय डोन्ट गेट इट'मध्ये काही कळत नसते. मूल घाबरते आणि इंग्रजी आपल्या बसची नाही असे धरून चालते. त्याच मुलाला जर आधी दाखवले की तू स्वतः 'लागणे' असेच तीस प्रकारे वापरतोस आणि कधी चुकत नाहीस, तर 'गेट'ची भीती निम्मी ओसरेल. एका शब्दाला एक अर्थ असतो, ही समजूत आपण शाळेत पेरतो. स्वल्पविराम देऊन आठ-दहा प्रतिशब्द रांगेत लावणारे खिशातले कोश ती पक्की करतात, आणि मग इंग्रजीही येत नाही, मराठीही ढिली पडते. वाक्यांसकट, संदर्भासकट अर्थ मांडणारा मराठी कोश नसल्याची किंमत इंग्रजीच्या वर्गातली पोरे मोजत आहेत. न्यायालयात जबाबाचे भाषांतर करणारा आणि यंत्राला मराठी शिकवू पाहणारा अभियंता, यांची अडचणही हीच आहे.

म्हणून माझी मागणी भव्य नाही. सात खंडांचा संकल्प सोडून पन्नास क्रियापदे घ्यावीत: लागणे, काढणे, घालणे, मारणे, बसणे, पडणे, सुटणे अशी. मराठी घेऊन एम.ए. करणारी मुले राज्यभर आहेत. प्रत्येकाकडे एक क्रियापद आणि एक प्रदेश द्यावा. लीळाचरित्रापासून बखरींपर्यंत, १८३२च्या 'दर्पण'पासून आजच्या वर्तमानपत्रांपर्यंत उतारे शोधावेत, आणि गॅरेज, बाजार समिती, मासळीबाजार, बेळगाव, इंदूर इथले बोलणे ध्वनिमुद्रित करावे. मरे यांच्यासारखे आवाहन आज काढले तर चिठ्ठीच्या जागी फोन आहे, आणि खेड्यातली आजीसुद्धा आपले वाक्य त्यावर बोलून पाठवू शकते.

पहिला प्रश्न मी सुचवतो. पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली. जुन्या पिढीत मळमळण्याला 'बोट लागली' म्हणणारे पुष्कळ होते, कारण कोकणच्या वाटेवर आगबोटी होत्या. मग 'गाडी लागणे' हे 'बोट लागणे'वरून आले, की बैलगाडी आणि आगगाडीच्या काळापासून ते वेगळे चालत होते? आणि फलाटाला गाडी 'लागते' ती बंदराला गलबत 'लागते' त्यावरूनच का? रत्नागिरी आणि मालवणकडची जुनी पत्रे, प्रवासवर्णने आणि तेव्हाची वर्तमानपत्रे चाळली तर एखाद्या चिकाटीच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर दाखल्यांसकट देता येईल, आणि 'लागणे'च्या नोंदीतले पहिले दोन परिच्छेद लिहून होतील.